कोकणातल्या महाविद्यालयीन जॅझ गायनवृंदाचा पहिला कार्यक्रम: पाठीराख्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्य समूहगान हा स्पर्धाप्रकार असल्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या ना एखाद्या महाविद्यालयात तसे गाणारा मुलामुलींचा गट तयार होत असतो, आणि महोत्सव आटोपला की बहुतेक वेळा तो पांगतो. त्यातल्याच एखाद्या गटाने टिकून राहावे, जॅझ गायला घ्यावे आणि दीड तासाचा स्वतंत्र कार्यक्रम करायचे ठरवावे, की आजूबाजूचे पालक, माजी विद्यार्थी आणि हौशी मंडळी विचारू लागतात, "आम्ही काय करू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः गायक नाही. हार्मोनियमवर भजनाला साथ करण्यापुरते स्वरज्ञान मला आहे आणि गेली काही वर्षे अशाच एका वृंदाच्या मागे उभा राहणाऱ्यांपैकी मी एक आहे. पाठीराखा म्हणजे वर्गणी देणारा, असा आपल्याकडे समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. वर्गणी लागतेच, पण तिच्याआधी तालमीत बसून ऐकणारी चार माणसे लागतात, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या ऐकण्यावरच ठरते.

आधी तालमीला बसावे

कार्यक्रमाच्या किमान तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा तरी तालमीला जाऊन बसावे आणि पहिले काही दिवस काहीही सुचवू नये. जॅझ गायनवृंदात साधारण आठ ते सोळा गायक असतात. स्त्रियांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खालचे असे त्यांचे सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बास हे चार गट पडतात. सोबत पियानो, बास (हे खालच्या स्वरांचे तंतुवाद्य) आणि ड्रम्स एवढी साथ असते, कधी गिटारही असते. आपल्या समूहगीतात सगळे मिळून एकच चाल गातात, भजनात बुवांची ओळ कोरस उचलतो, नमनात झीलकरी झील धरतात. इथे मात्र एकाच क्षणी चार-पाच वेगवेगळे स्वर लागतात आणि त्यांतले दोन कित्येकदा अर्ध्याच स्वराच्या अंतरावर असतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते प्रथम बेसूर वाटते. मलाही वाटले होते. आमच्या तालमीत अल्टोतली एक मुलगी शेजारणीच्या स्वरावर घसरू नये म्हणून एका कानावर तळहात घट्ट दाबून उभी राहायची. शिकवणाऱ्या सरांनी तिचा हात खाली घ्यायला लावला आणि सांगितले, की शेजारणीचा स्वर नीट ऐक, तो घासतो आहे असे वाटेल तिथेच तुझा स्वर बरोबर आहे. पंधरा दिवसांनी त्या दोघींचा तो घासणारा स्वर पुढच्या स्वरावर सुटला, तेव्हा खोलीत बसलेल्या आम्हा तिघांनाही तो सुटताना कळला. हे एकदा कळले, की मग तिकीट विकताना, साऊंडवाल्याशी बोलताना किंवा देणगी मागताना नेमके काय सांगायचे हे वेगळे शिकावे लागत नाही.

दुसरी ओळख लयीची करून घ्यावी. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डोलत्या लयीत, मात्रेचे दोन सारखे भाग पडत नाहीत. पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. मध्यम लयीत हे प्रमाण साधारण दोनास एक असते आणि लय वाढत गेली की फरक कमी होत जातो. मात्रेचे तीन भाग मोजून पहिले दोन एकत्र धरावेत आणि तिसऱ्यावर पुढचे अक्षर म्हणावे, म्हणजे ते डोलणे अंगात उतरते. स्वरांच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. जॅझमध्ये वरचेवर येणारा ई फ्लॅट म्हणजे आपली काळी दोन आणि बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. हे सांगितल्यावर आमच्या एका भजनी बुवांनी तालमीत बसून अर्ध्या तासात सगळ्या गाण्यांच्या पट्ट्या लिहून घेतल्या.

अर्थ नसलेल्या अक्षरांवर गायक आयत्या वेळी सुचेल तसे गातो त्याला स्कॅट म्हणतात. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२६ सालच्या एका ध्वनिमुद्रणानंतर हा प्रकार लोकप्रिय झाला आणि एला फिट्झजेराल्ड यांनी तो फार उंचीवर नेला. तराणा ऐकलेल्या माणसाला त्यात परके काही वाटू नये. दोन गायक चार-चार मापे (एक माप म्हणजे बहुधा चार मात्रांचे आवर्तन) आलटून पालटून घेतात तेव्हा तर सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला डबलबारीच, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामनाच, आठवते. फरक एवढाच, की डबलबारीत समोरच्या बुवांवर मात करायची असते, इथे समोरच्याने सोडलेला धागा उचलून पुढे द्यायचा असतो. पाठीराख्यांपैकी ज्याला बोलता येते त्याने ही तुलना जपून ठेवावी, कारण कार्यक्रमाच्या प्रसिद्धीत तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

तारीख आणि जागा

जून ते सप्टेंबर हा काळ सोडून द्यावा. पावसाचा पत्र्यावरचा आवाज, दमट हवा आणि वीज या तिन्ही गोष्टी विरुद्ध असतात. गणपती आणि शिमगा या दिवसांत कोकणातला कोणीही माणूस दुसऱ्या कार्यक्रमाला येणार नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये. सत्र परीक्षा आणि दिवाळी मागे पडली, की डिसेंबर-जानेवारीचे दिवस उरतात आणि तेच चांगले असतात. रत्नागिरीत मात्र जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो. त्याची तारीख आधी पाहावी, कारण दोन्हीकडचा श्रोता तोच आहे. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन युनेस्कोने २०११ साली जाहीर केला आणि २०१२ पासून तो साजरा होतो, म्हणून त्याच दिवशी कार्यक्रम ठेवण्याचा मोह नवख्यांना होतो. आपल्याकडे तेव्हा परीक्षा, उकाडा आणि आंब्याचा हंगाम एकत्र येतात. बागायतदार पेट्या भरण्यात असतात, टेम्पो मिळत नाहीत आणि गाणारी निम्मी मुले घरच्या बागेत असतात.

जागा म्हणून रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, चिपळूणचे इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र किंवा मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह ही नावे पटकन सुचतात. पण पहिल्याच वर्षी मोठे नाट्यगृह घेऊन अर्धे रिकामे ठेवण्यापेक्षा महाविद्यालयाचेच दोनशे-अडीचशे खुर्च्यांचे सभागृह भरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सभागृह पाहायला जाताना मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीचा आवाज भिंतींवरून बराच वेळ परतत राहिला, तर जवळजवळचे स्वर त्यात कालवले जाणार हे समजावे आणि मागच्या भिंतीवर जाड पडदे टांगण्याची सोय आधीच करावी.

पैसे

खर्चाची यादी करताना ध्वनियंत्रणा, वादकांचा प्रवास आणि मानधन, आणि स्वरलिपीच्या प्रती ही तीन कलमे सर्वांत वर लिहावीत. हार, फलक, स्मृतिचिन्हे खाली लिहावीत आणि पैसे कमी पडले तर खालून खोडत यावे. स्वरलिपीच्या बाबतीत एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. जॅझ वृंदासाठी केलेल्या मांडण्या विकत मिळतात आणि त्या गायकागणिक घ्यायच्या असतात. एक प्रत घेऊन बारा झेरॉक्स काढणे ही काटकसर ठरत नाही, ती बेकायदा नक्कल ठरते. आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याने दरवर्षी एका नव्या गाण्याच्या सगळ्या प्रतींचा खर्च उचलायचे ठरवले. त्याची रक्कम मोठी नसते, पण ग्रंथालयातले ते कपाट हळूहळू भरत चालले आहे.

वर्गणी मागण्याची पद्धत कोकणाला शिकवावी लागत नाही. वाडीतल्या नाटकासाठी मुंबईच्या चाकरमान्यांकडून पैसे येतात आणि प्रत्येक शंभर रुपयांची पावती फाटते, हे आपण लहानपणापासून पाहतो. तेच पावतीपुस्तक इथेही ठेवावे, पण पैसे महाविद्यालयाच्या किंवा नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातच घ्यावेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नयेत, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. करसवलत मिळेल असे आश्वासन संस्थेकडे तशी नोंदणी असल्याची खात्री केल्याशिवाय देऊ नये. बागायतदारांकडे डिसेंबरात मोहोरावर फवारण्या चालू असताना जाऊ नये. त्यांचा हंगाम संपून हिशेब झाला, की जूनमध्येच पुढच्या कार्यक्रमाचे बोलून ठेवावे. रोख रकमेपेक्षा वस्तू आणि सेवा मागितल्या, तर इथली माणसे मोकळेपणाने देतात. कोणी वादकांना दोन रात्री घरी ठेवून घेतो, कोणी जेवणाची जबाबदारी घेतो, कोणाचा टेम्पो असतो.

पियानो आणि बास वाजवणारे जाणकार वादक बहुधा गोव्याहून किंवा मुंबईहून आणावे लागतात. गोव्याचा आणि या संगीताचा संबंध जुना आहे. चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ वाद्यवृंदांत वाजवत आणि पुढे तेच हिंदी चित्रपटसंगीतात आले. अल्दोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले होते. तेव्हा स्विंग आपल्या आजोबांच्या कानावरूनही गेलेले आहे, हे देणगीदारांना जरूर सांगावे. वादकांना मांडवी एक्सप्रेसने सकाळी मडगावहून निघून दुपारी रत्नागिरीला उतरता येते. मोठा उभा बास गाडीतून आणणे जिकिरीचे होते, म्हणून पहिल्या वर्षी बास गिटारवर भागवावे.

ध्वनियंत्रणा

नवख्या आयोजकांची बहुतेक फसगत इथेच होते, म्हणून हा भाग मी सविस्तर लिहितो आहे.

पाश्चात्य चर्चगायनातला वृंद माइकशिवाय किंवा समोर टांगलेल्या दोन माइकवर गातो. जॅझ वृंदात प्रत्येक गायकाच्या हातात स्वतःचा माइक असतो, कारण त्यांना कुजबुजल्यासारखे हळू गाऊनही ऐकू जायचे असते. मिक्सर म्हणजे सगळे आवाज एकत्र करणारे यंत्र, आणि त्यात प्रत्येक आवाज आत घेण्याची वेगळी जागा म्हणजे वाहिनी. बारा गायकांचे बारा माइक, पियानोच्या दोन वाहिन्या, बासची एक, ड्रम्सच्या चार आणि निवेदकाची एक, अशी बेरीज वीसवर जाते. लग्न आणि सत्यनारायणाला येणाऱ्या साऊंडवाल्याकडे बहुधा सोळा वाहिन्यांचा मिक्सर असतो, म्हणून चोवीस वाहिन्यांचा आहे का हे दर ठरवण्याआधी विचारावे. सगळे माइक एकाच बनावटीचे मागावेत. शुअरचा एसएम ५८ हा माइक बहुतेकांकडे असतो आणि तो पुरतो. बारा माइक चार तऱ्हांचे असतील, तर बारा आवाज एकमेकांत मिसळतच नाहीत. स्वस्त बिनतारी माइक टाळावेत, कारण इतके एकत्र लावले की ते एकमेकांत खरखर करतात. दांडीवर रंगीत चिकटपट्टी लावून आकडे घालावेत आणि तालमीतल्या जागेप्रमाणे तोच आकडा त्याच गायकाला द्यावा.

साऊंडवाल्याशी दोन गोष्टी नम्रपणे पण ठामपणे बोलाव्यात. पहिली इकोची. भजनाला आणि ऑर्केस्ट्राला सवयीने भरपूर इको दिला जातो. इथे तो बंद ठेवावा लागतो, नाहीतर आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या स्वरात अडकते आणि तालमीत कमावलेले सगळे वाया जाते. दुसरी गोष्ट पातळीची. भजनात बुवांचा आवाज वर आणि कोरसचा खाली ठेवतात. इथे सगळे एकत्र गातात तेव्हा सगळे समान हवेत, आणि कोणी एकटा गातो तेव्हा तेवढ्यापुरता त्याचा आवाज उचलायचा. पण तो कधी एकटा गाणार हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? म्हणून तालमीला बसलेल्या पाठीराख्यांपैकी एकाने कार्यक्रमभर मिक्सरशेजारी बसावे. त्याच्या हातात कागद असावा, त्यावर गाण्यागणिक "दुसऱ्या कडव्यानंतर माइक ७" असे लिहिलेले असावे, आणि चार मात्रा आधी त्याने बोट दाखवावे. मी हे काम तीन वेळा केले आहे, आणि माझ्या मते पाठीराख्याला मिळू शकणारी ही सर्वांत चांगली जागा आहे.

मॉनिटर, म्हणजे गायकांच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, किमान चार असावेत. गायकाला शेजाऱ्याचा आणि पियानोचा स्वर ऐकू आला नाही, तर तो आपोआप ओरडू लागतो. एसएम ५८ सारखा माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या शेपटीसमोर येईल असा ठेवावा, म्हणजे साऊंड शिट्टी मारत नाही. मुलांना माइकची जाळी मुठीत धरण्याची सवय असते. ती तालमीतच मोडावी, कारण जाळी झाकली की शिट्टी हमखास येते. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरावा. ओठांना टेकवला तर आवाजातला खर्ज फुगतो आणि बाराजणांनी तसे केले की नुसता घुमघुमाट उरतो. यासाठी तालमीला खरे माइक मिळाले नाहीत, तर लाटणी घेऊन सराव करावा. आमच्याकडे केला आहे, हसू आवरून.

विजेची गोष्ट अनुभवावरून सांगतो. एका सभागृहात तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर वीज गेली. जनरेटर काही सेकंदांत चालू झाला, पण डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागले. मुले थांबली नाहीत. अंधारात, माइकशिवाय, चुटक्यांवर लय धरून गात राहिली आणि पियानो परत आला तेव्हा ती अर्ध्या स्वराने खाली उतरलेली होती, ते सगळ्यांना ऐकू गेले. जनरेटर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मिक्सर आणि कीबोर्ड यांच्यासाठी संगणकाला लावतात तसा यूपीएस मागून आणावा. तो कुठल्याही कार्यालयात असतो आणि एका संध्याकाळीपुरता मिळतो.

परवानग्या

विद्यार्थ्यांनी आपल्याच संस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींसमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून सर्वांना बोलावले की ती गृहीत धरू नये आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेकडे आधी विचारणा करावी. कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी घ्यावी आणि रात्री दहाच्या आत तो संपेल असा बेतावा.

प्रेक्षक तयार करणे

मोठे फलक लावण्यापेक्षा तालमीचा अर्ध्या मिनिटाचा चित्रफितीचा तुकडा पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकावा. शक्यतो तो चूक होऊन सगळे हसले त्या क्षणाचा असावा, कारण तोच पुढे पाठवला जातो. भजनी मंडळे आणि संगीत विद्यालये यांना मात्र निरोप पाठवून भागवू नये. प्रत्यक्ष जाऊन आमंत्रण द्यावे आणि पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखाव्यात. "मालवणी गाण्यांना जॅझची फोडणी द्या, म्हणजे लोक येतील" असा सल्ला हटकून मिळतो. वृंदाच्या शिक्षकांनी मनापासून तशी एखादी रचना बांधली असेल तर एक असावी. लोक यावेत एवढ्यासाठी घुसडलेले गाणे मुलांनाही कळते आणि लोकांनाही.

टाळीचा प्रश्न लहान वाटतो, पण तो कार्यक्रम बिघडवू शकतो. भजनाच्या सवयीने आपला श्रोता पहिल्या मात्रेवर टाळी देतो. स्विंगमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी या मात्रा टाळीच्या असतात. दोनशे माणसे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या देऊ लागली, की गाणाऱ्यांच्या पायाखालची लय सरकते. म्हणून निवेदकाने सुरुवातीलाच दोन मिनिटे सर्वांकडून ही टाळी करून घ्यावी आणि दहा-पंधरा पाठीराख्यांनी सभागृहात विखरून बसून ती धरून ठेवावी. नाट्यसंगीतात गाणे संपल्यावर वन्समोअर मिळतो. इथे एकट्याने गायलेला तुकडा संपताच, गाणे चालू असतानाच, दाद द्यायची असते, तेही निवेदकाने सांगावे. पहिल्यांदा दाद देण्याचे धाडस पाठीराख्यांनाच करावे लागते.

कार्यक्रमाचा दिवस

सहा वाजता कार्यक्रम असेल तर ध्वनियंत्रणा बाराला उभी असावी आणि तीन ते पाच हे दोन तास तपासणीसाठी पूर्ण मोकळे ठेवावेत. त्या वेळात कोणाही मान्यवराला व्यासपीठाची पाहणी करायला आणू नये. मुलांना चारच्या सुमारास पोहे किंवा उपमा द्यावा, तळलेले वडे आणि बर्फाचे कोकम सरबत कार्यक्रमानंतरसाठी ठेवावे. कोमट पाण्याचे थर्मास विंगेत असावेत.

सत्काराबद्दल मी जरा कठोर आहे. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक आणि देणगीदारांची नावे यांत पाऊण तास गेला, की विंगेत उभ्या असलेल्या मुलांचे तापवलेले गळे थंड पडतात. नावे छापील पत्रिकेत घालावीत, सत्कार मध्यंतरानंतर पाच मिनिटांत उरकावा, आणि हे मान्यवरांना आठ दिवस आधी घरी जाऊन सांगावे. घरी जाऊन सांगितले तर कोणी रागावत नाही. व्यासपीठावर ऐनवेळी सांगितले तर सगळे रागावतात.

दुसऱ्या दिवसापासून

ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर ते मिक्सरमधून वाहिन्या वेगवेगळ्या ठेवून घेण्याची सोय साऊंडवाल्याकडे आधीच मागावी. सभागृहात मोबाइलवर घेतलेले मुद्रण आठवण म्हणून ठीक असते, पण त्यावरून मुलांना स्वतःची चूक शोधता येत नाही. रंगमंचाचा नकाशा, माइकांचे आकडे, कोणत्या गाण्याला काय अडले याची टिपणे एका वहीत त्याच आठवड्यात लिहावीत, कारण पुढच्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुले निघून गेलेली असतात आणि वहीच तेवढी उरते. जमाखर्चाचा एकपानी कागद पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक देणगीदाराला पाठवावा. शंभर रुपये देणाऱ्यालाही तोच आणि दहा हजार देणाऱ्यालाही तोच. यूपीएस, थर्मास आणि पडदे ज्याचे त्याला पोचते करावेत, आणि सभागृहासाठी पुढच्या वर्षीच्या तारखेचा अर्ज परत येतानाच देऊन यावे.